मोटारसायकलखालचा काळा डाग

“आलाय परत,” तोफ म्हणाली. आणि तेही चक्क कुजबुजत.

तोफ कुजबुजली म्हणजे प्रकरण गंभीर होतं. एरवी तिचा आवाज असा, की तिनं घरात पाणी मागितलं तर गल्लीच्या टोकाचा माणूस पेला भरून निघायचा. एकदा शाळेची घंटा बिघडली, तेव्हा मुख्याध्यापकांनी सरळ तिलाच व्हरांड्यात उभं केलं. पुढे घंटा दुरुस्त झाली, तर मुलं तक्रार करायला लागली की आता मधली सुट्टी नीट ऐकू येत नाही.

अशी ही तोफ सकाळी सकाळी मामाच्या गॅरेजमध्ये गार फरशीवर पालथी पडली होती. समोर मोटारसायकल. मोटारसायकलखाली काल रात्री पसरलेला वर्तमानपत्राचा कागद. आणि कागदावर एक काळा, ओला, बशीएवढा डाग.

तिचा धाकटा भाऊ गुडघ्यांवर बसून डागाकडे बघत होता. त्याला सगळे प्रश्न्या म्हणत. तो जन्मला तेव्हा रडण्याऐवजी ‘का?’ असंच ओरडला होता, असं त्याची आई शपथेवर सांगते. त्यानं लगेच सुरुवात केली. डाग कालच्यापेक्षा मोठा आहे का? वास येतोय का? एकाच ठिकाणी पडतोय की दोन?

तिसरीनं काहीच विचारलं नाही. ती दारात उभी राहून घराकडे बघत होती. ही मामाची मुलगी, मुंगी. अंगानं एवढीशी, बोलणं त्याहून एवढंसं.

“कागद बदला,” ती म्हणाली. “बाबा उठलेत.”

तोफेनं डागाचा कागद घडी घालून स्वेटरच्या आत कोंबला. प्रश्न्यानं नवा कागद पसरला. मामा आत आला तेव्हा तिघं उगाचच खिळ्यांच्या डब्याकडे टक लावून बघत होती. मामानं नव्या कागदाकडे पाहिलं, तोफेच्या फुगलेल्या स्वेटरकडे पाहिलं, आणि उलट्या ठेवलेल्या खोक्यावर जाऊन बसला. उजवा हात मांडीवर ठेवून तो त्या हाताकडेच बघत राहिला.

हा मामा म्हणजे एकेकाळी भलताच माणूस होता. इंजिनाला कान लावून तो सांगायचा, की मालकाचं काल बायकोशी भांडण झालंय आणि चूक मालकाची आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या निघायच्या. भाचरं सुट्टीला आली की गॅरेजमध्ये एवढं हसणं चालायचं की पत्र्यावरचे कावळे कंटाळून दुसऱ्या गल्लीत राहायला जायचे.

पण थंडी सुरू होताना मामा आजारी पडला. दवाखान्यातून परत आला तो आपल्या पायांनी चालत आला, बोलतही होता. फक्त उजव्या हाताची बोटं बधिर झाली. हलायची, पान्ना धरायची. पण गरम की गार, सैल की घट्ट, त्यांना काही कळेना. डॉक्टर म्हणाले, सुधारेल कदाचित. कदाचित हा शब्द मामी दिवसातून अनेकदा स्वतःशी म्हणायची.

त्या सुट्टीत ऊनही फिरकलं नाही. आकाश म्हणजे गॅरेजमधलं जुनं फडकं. कधी धुकं, कधी नुसतीच ओल, आणि घरात सगळ्यांचे आवाज बारीक.

एकच आवाज मोठा होता, तो थोरल्या मामांचा. हे मामाचे मोठे भाऊ. जन्मभर शाळेत कवायत शिकवून आता निवृत्त झालेले. भावाच्या आजारपणात मदतीला धावून आले होते. माणूस मनानं चांगला. पाणी भरायचे, भाजी आणायचे, रात्री मामाच्या उशाशी बसायचे. पण शिस्त एवढी, की झोपेतसुद्धा डावा-उजवा करत पलंगाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जायचे.

थोरल्या मामांनी आल्या आल्या ठरवून टाकलं होतं, की भावाचा हात आता या कामाचा राहिला नाही. गॅरेज देऊन टाकावं. समोरच्या पंक्चरवाल्याला जागा हवीच होती, टायर ठेवायला. मग मामानं आपल्या गावी येऊन कुठल्यातरी दुकानात शांतपणे बसावं. ते हे रोज जेवताना सांगायचे, आणि मामा रोज ताटात बोट फिरवत ऐकून घ्यायचा.

अशात ही मोटारसायकल आली. ती होती जनावरांच्या डॉक्टरीणबाईंची. त्या तिच्यावरून डोंगरावरच्या वस्त्यांत आजारी गाईगुरं बघायला जायच्या. इंजिनाच्या बाजूचं झाकण गळत होतं. लोक म्हणाले, दुसरीकडे टाका. बाई म्हणाल्या, मामा बरा झाला की त्यालाच दाखवीन.

झाकण आणि इंजिन यांच्यामध्ये कागदासारखं पातळ पॅकिंग असतं. ते सुकलं, फाटलं की ऑइल बाहेर येतं. झाकण काढायचं, जुनं पॅकिंग खरवडायचं, नवं बसवायचं, झाकण लावायचं. पूर्वी मामाचं हे काम कपातला चहा निवायच्या आत व्हायचं. या वेळी त्यानं आख्खा दिवस घेतला, एकेक बोल्ट जपून आवळला. आणि सकाळी खाली डाग. पुन्हा उघडलं, पुन्हा नवं पॅकिंग घातलं. पुन्हा डाग.

तेव्हा मामा जेवताना पहिल्यांदाच बोलला होता. उद्या दुपारी बाई गाडी न्यायला येतील. तोवर थांबली तर ठीक. नाहीतर समोर किल्ली देऊन टाकतो.

मामी ताटावरून उठून आत गेली होती.

आता ‘उद्या’ उजाडला होता, आणि डाग तोफेच्या स्वेटरमध्ये होता.

मामा चहाला आत गेला तशी तोफेनं तिघांची बैठक टायरच्या ढिगामागे बोलावली. तिचं म्हणणं साधं होतं. दोनदा नवं पॅकिंग घालूनही गळतंय, म्हणजे कुणीतरी मुद्दाम काहीतरी करतंय. कुणाला जागा हवी आहे? पंक्चरवाल्याला. झालं, गुन्हेगार सापडला. प्रश्न्यानं विचारलं, पुरावा काय? तोफ म्हणाली, त्याच्या मिशा बघ.

पुराव्याची वाट फार बघावी लागली नाही. धुक्यातून रस्ता ओलांडून मिशा स्वतःच आल्या. पंक्चरवाल्यानं दारातून आत डोकावून पाहिलं, कुणी दिसत नाही असं बघून तो मोटारसायकलपाशी उकिडवा बसला आणि खिशातून काहीतरी काढलं.

“हात वर!” तोफ गरजली.

पंक्चरवाला एवढ्या जोरात उडाला की त्याची टोपी वरच्या वाशाला अडकली, ती नंतर काठीनं काढावी लागली. त्याच्या हातात एक फडकं होतं. इंजिनाच्या पोटाला लोंबणारे थेंब तो पुसत होता.

मिशांच्या आड तो चांगलाच ओशाळला. मुंगीला म्हणाला, मी कालही पुसले होते. तुझा बाप इथं बसून त्या थेंबांकडे बघत असतो ना, ते मला समोरून दिसतं.

“जागा मला हवीय, नाही म्हणत नाही,” तो म्हणाला. “पण ही अशी नको.”

तोफेनं हळू आवाजात माफी मागितली. ही घटनाही तशी ऐतिहासिकच. मग पंक्चरवाल्यानंच विचारलं, की गळतंय नक्की कुठून, हे कुणी पाहिलंय का? तो ट्यूब पाण्यात बुडवतो, बुडबुडे येतात तिथं भोक. सगळी ट्यूब कुणी बदलत नाही.

इंजिन पाण्यात कसं बुडवणार? प्रश्न्या डोकं खाजवू लागला. ऑइल काळं, झाकण काळं, खालची फरशीही काळी. सगळंच काळं असेल तर दिसणार कसं? म्हणजे काहीतरी पांढरं हवं. तो धावत घरात गेला आणि मामीचा पावडरचा डबा घेऊन आला.

त्यांनी झाकण फडक्यानं लख्ख पुसलं आणि त्यावर पावडर उधळली. ती जरा जास्तच उधळली गेली. पंक्चरवाला मिशांसकट म्हातारा दिसायला लागला, आणि गॅरेजला बाळाच्या पाळण्याचा वास सुटला. मग त्यानं इंजिन चालू केलं. तिघं झाकणाकडे बघत राहिली. वरून काही नाही. पुढून काही नाही. मागच्या खालच्या कोपऱ्यात, ब्रेकच्या पायदांडीच्या आड, पांढऱ्यावर एक काळी रेघ उमटली आणि हळूहळू खाली उतरली.

एकच जागा. बाकी सगळं झाकण कोरडं ठणठणीत.

इंजिन बंद करून निवू दिलं. त्या कोपऱ्यात बघायचं तर मान मोडावी लागली असती, आणि हात घालायचा तर तोफेचा मनगटापाशी अडकत होता. मुंगीचा हात सरकन गेला. ती डोळे मिटून चाचपत राहिली. मग तिनं बाकीचे बोल्ट एकेक करून चाचपले. पुन्हा त्या कोपऱ्यात गेली.

“याच्या डोक्याखाली नख जातं,” ती म्हणाली. “बाकी कुणाच्या नाही जात.”

पंक्चरवाल्यानं पान्ना लावून बघितलं. बोल्ट जागचा हलेना; चांगला घट्ट होता. घट्ट आहे, पण टेकलेला नाही. असं कसं? प्रश्न्यानं हा प्रश्न स्वतःलाच इतक्या वेळा विचारला की त्याचे कान लाल झाले. मग त्यानं खिशातली पेन्सिल पेनाच्या टोपणात घातली. पेन्सिल तळाला जाऊन थटली, आणि निम्मी बाहेरच राहिली. कितीही दाबली तरी पुढे जाईना.

बोल्ट लांब होता! भोकाच्या तळाला थटून बसला होता, म्हणून हाताला घट्ट लागत होता. पण झाकण दाबत नव्हता. पॅकिंग तिथं नुसतंच सैल पडलं होतं.

म्हणजे हा बोल्ट या भोकाचा नव्हेच. पण मामाचा बोल्ट चुकीच्या भोकात जाईल कसा? मामाची एक पद्धत होती. झाकण उघडायच्या आधी तो पुठ्ठ्यावर त्या झाकणाचा आकार काढायचा. जिथं बोल्ट, तिथं पुठ्ठ्याला भोक. बोल्ट काढला की पुठ्ठ्यातल्या त्याच भोकात खोचायचा. लावताना तिथूनच उचलायचा. कुठलाही बोल्ट घर चुकायचा नाही. या पुठ्ठ्यावर मामाचा एवढा विश्वास, की एकदा भूकंप झाला तेव्हा त्यानं आधी पुठ्ठा बाहेर नेला आणि मग मामीला हाक मारली, असं मामी सांगते.

मुंगीनं आठवून सांगितलं. झाकण पहिल्यांदा उघडलं, त्या दिवशी दुकानात पॅकिंग नव्हतं. ते दुसऱ्या दिवशी आलं. तोवर बोल्ट खोचलेला पुठ्ठा या फळीवर होता.

तिघांनी फळीकडे पाहिलं. फळीवर पान्ने होते. सगळ्यात छोटा डावीकडे, मग त्याहून मोठा, मग त्याहून मोठा. शेजारी तेलाच्या बाटल्या, त्याही तशाच. खाली चपलांचे जोड, तसेच. मामाच्या आयुष्यात या गॅरेजमध्ये एवढा नीटनेटकेपणा कधी शिरला नव्हता.

“मोठे मामा,” प्रश्न्या म्हणाला.

तोफ लगेच निघाली होती जाब विचारायला. मुंगीनं तिची बाही धरली. तिचं म्हणणं, नुसतं विचारलं तर ते नाही म्हणतील, कारण आपण काही चुकीचं केलंय हे त्यांना ठाऊकच नसणार.

मग प्रश्न्यानं एका खोक्याचा पुठ्ठा फाडला, त्यावर एक वेडावाकडा आकार काढला, भोकं पाडली आणि त्यांत पेन्सिलींचे तुकडे खोचले. छोटे, मोठे, कसेही. पुठ्ठा व्हरांड्यात कठड्यावर ठेवून तिघं खिडकीमागे दडून बसली.

थोरले मामा भाजीची पिशवी घेऊन आले. पुठ्ठ्यापाशी थबकले. चेहऱ्यावर अशी वेदना उमटली, जणू कुणी राष्ट्रगीत चालू असताना शिंकलं. त्यांनी पिशवी खाली ठेवली, सगळे तुकडे उपसले, शर्टाला पुसले, आणि लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं पुन्हा खोचले. मग एक पाऊल मागे सरकून मान डोलावली आणि भाजी घेऊन आत गेले.

गंमत वाटायला हवी होती. पण मुंगीचे डोळे भरून आले होते.

दुपारी डॉक्टरीणबाई आल्या. मामानं पावडरीचा पसारा पाहिला, नव्या कागदावर पडलेला ताजा थेंब पाहिला, आणि मान खाली घातली. बाईंना म्हणाला, गाडी दुसरीकडे न्या, माझ्यानं होत नाही. बाई म्हणाल्या की घाई नाही, मी आणखी थांबते. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांच्या मऊ बोलण्यानं मामा आणखीच वाकल्यासारखा झाला. पंक्चरवाला रस्ता ओलांडून येऊन दाराशी घुटमळत होता. थोरल्या मामांनी भावाच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, की जे आहे ते मान्य करावं. मामानं खिळ्यावरची किल्ली काढली.

तोफेनं तोंड उघडलं आणि मिटलं. हे तिनं बोलायचं नव्हतं.

“बाबा,” मुंगी म्हणाली, “तुमचा हात नाही चुकला. पुठ्ठा चुकला.”

तिनं दोन्ही पुठ्ठे बाकावर ठेवले, एक बोल्टांचा रिकामा आणि एक पेन्सिलींचा. मग मामाचा डावा हात धरून त्याला पायदांडीपाशी बसवलं आणि त्याचं बोट त्या कोपऱ्यात नेलं. मामा नख त्या फटीत घालत, काढत राहिला.

थोरले मामा पेन्सिलींकडे बघत होते. कवायतीत जन्म काढलेला तो ताठ माणूस, खांद्यापासून हळूहळू सैल होत गेला.

“बोल्ट तेलकट होते,” ते म्हणाले. “मी रॉकेलमध्ये धुतले. म्हटलं, हा बिचारा आजारी, तेवढंच त्याला जरा… मीच पुठ्ठ्यात परत लावले. उंचीनं.”

आता मामा भडकेल असं सगळ्यांना वाटलं. पण तो भावाकडे न बघता त्या झाकणाकडेच बघत होता.

“दिसलं होतं मला,” मामा म्हणाला. “लावताना एक बोल्ट जास्त वर दिसत होता. वाटलं, नजरही गेली आपली. आता आपलं काही खरं नाही.”

मग त्यानं किल्ली पुन्हा खिळ्याला अडकवली आणि बाईंना विचारलं, थोडं थांबता का? बाई सरळ टायरवर बसल्या.

तयार पॅकिंग दुकानात उरलं नव्हतं. मामानं पॅकिंगचा कोरा कागद काढला. झाकणावर तो ताणून धरायला एक माणूस हवा होता. थोरले मामा पुढे आले आणि मामा सांगेल तसा कागद धरून उभे राहिले. हलू नका म्हटल्यावर ते इतके स्थिर उभे राहिले की एक माशी त्यांना पुतळा समजून नाकावर झोपली. मामानं छोट्या हातोडीनं झाकणाच्या कडेकडेनं हलकं ठोकत नेलं. प्रत्येक ठोक्यासरशी कागद कडेवर बरोबर कापला जात होता. बोटांना कळत नव्हतं, तर तो आवाजावर चालला होता. आवाज बदलला की थांबायचा, हातोडी सरकवायचा.

प्रश्न्या आणि तोफेनं जुन्या पॅकिंगचे चिकटलेले तुकडे लाकडी पट्टीनं खरवडले. धातूनं नाही, मामानं बजावलं होतं. ओरखडा पडला तर तिथूनच गळेल. मग मामानं सगळे बोल्ट आधी नुसतेच भोकांत सोडले आणि मागे होऊन पाहिलं. ज्याचं त्याचं घर शोधून देईपर्यंत अदलाबदल केली. शेवटी सगळी डोकी झाकणापासून सारखीच वर राहिली. एक आखूड बोल्ट तर इतके दिवस दोनच आट्यांवर लटकून होता. मग आवळणं. एकदम नाही, थोडं इथं, थोडं समोर, पुन्हा इथं. पान्न्याचा फेरा मामाचा, आणि प्रत्येक डोक्याखाली नख मुंगीचं.

ऑइल भरलं. वरून पावडर. बाई गाडी घेऊन डोंगराच्या दिशेनं गेल्या. तो वेळ कसा गेला ते विचारू नका. तोफेनं एक शब्द काढला नाही आणि गल्लीत दोन घरी लोक घाबरून बाहेर आले.

बाई परत आल्या तेव्हा संध्याकाळ झाली होती. सगळे गुडघ्यांवर बसले. झाकणावर धूळ होती, चिखलाचे शिंतोडे होते, आणि त्यांच्याखाली पावडर. ब्रेकच्या पायदांडीमागेही पांढरी, कोरडी.

मामी दारात उभी होती. ती पदरानं डोळे टिपत म्हणाली, की डबा आख्खा संपवलात, आता मी काय लावू? आणि तिघांना जवळ घेतलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, माझे रोगी तोंडानं सांगत नाहीत कुठं दुखतंय ते. नीट बघावं लागतं, हात लावावा लागतो. तुम्ही तेच केलंत. हे मोठ्या माणसांना जमत नाही पुष्कळदा. थोरल्या मामांनी तिघांशी एकेक करून हात मिळवला. मुंगीपुढे मात्र ते खाली बसले. तिला काय म्हणाले ते कुणाला ऐकू गेलं नाही. सकाळच्या गाडीनं ते आपल्या गावी परत गेले, एकटेच.

मामाचा हात काही बरा झाला नाही. डॉक्टर अजूनही कदाचित म्हणत होते. धुकंही हटलं नव्हतं. गॅरेजमध्ये कुणाची तरी जुनी मोटारसायकल आली होती, आणि मामा तिच्या शेजारी फरशीवर बसून झाकण उघडत होता. पुठ्ठा मुंगीच्या हातात होता.

पंक्चरवाला मोजायची फीत घेऊन आला आणि दाराशी थांबला. मामाचा विचार कदाचित बदलला असेल, कदाचित नसेल. जागा द्यायचं एकदा बोलणं झालं होतं, म्हणून विचारून जावं, असं त्याला वाटलं होतं. तो खाकरला. मागची भिंत मोजून घेऊ का, असं चाचरत म्हणाला.

मामानं मान वर केली नाही. डावा हात मागे पसरला.

“फीत ठेव खाली,” तो म्हणाला. “आणि तो बारीक पान्ना दे इकडे.”